कॉम्प्युटरचा एसी

अरे, तेव्हा कॉम्प्युटरवर ईसीजी तपासून हृदयातलं ब्लॉकेज ओळखायचं नवीनच निघालं होतं. बाबांच्या छातीत दुखायचं, पण हृदयापर्यंत नळी घालून तपासायचं म्हटलं की ते उठून गॅलरीत जायचे. म्हणून त्यांना पार्ल्याच्या एका सेंटरवर नेलं.

तिथे एसीत उघड्या अंगाने बाबा कुडकुडायला लागले आणि त्या थरथरीमुळे कॉम्प्युटर ईसीजी घेईचना. तीनदा काढला.

मी वैतागून म्हटलं, "एसी बंद करा ना."

टेक्निशियन म्हणाला, "कॉम्प्युटर तापेल."

शेवटी त्याने कॉम्प्युटरचंच कव्हर बाबांना पांघरलं, तेव्हा कुठे जमलं. रिपोर्ट आला, ब्लॉकेजचा संशय.

बाबा शर्टाची बटणं लावत म्हणाले, "चल, नळीच घालून घेऊ. तिथला एसी तरी माझ्यासाठी असेल."