रकमेखालची ओळ

अरे, बँकेच्या अ‍ॅपमधलं स्टेटमेंट सोपं करायचं काम माझ्याकडे होतं ना, तेव्हाची गोष्ट. जोगेश्वरीतल्या आमच्या शेजारीण मालतीकाकूंना म्हटलं, नवं स्टेटमेंट तुमच्या फोनवर बघून सांगा, कळतंय का. त्यांचा जुन्या स्टेटमेंटवर विश्वासच नव्हता. "नुसते कोड रे, काय कळणार?"

नव्यात मी पाठवणाऱ्याचं नाव आणि त्याने लिहिलेला मजकूर दाखवला होता. दुबईतल्या मुलाच्या, संदीपच्या, नावाखालचं वाचता वाचता काकू थांबल्या. "आई, गुडघ्याला तेल लाव." त्याखाली, गेल्या महिन्यातलं, "आई, आंबे आण."

"संदीप दर महिन्याला लिहीत होता?"

"हो काकू. जुन्यात दिसत नव्हतं."

"आणि मी म्हणायची, पोरगा नुसते पैसे टाकतो."

त्यांनी लगेच दुबईला फोन लावला. "संदीप, तुझी सगळी पत्रं आज मिळाली रे."