नळीतले खडे

नाही व, रडू दे त्याले, तू उठू नको अश्विनी. पहिल्या दिवशी सगळेच रडतात, अन् माय उठली का जास्त रडतात. पाह्य, केतन डब्यांकडं पाहून राहिला ना? पाच मिनटात जाते तो आपल्या पायानं. आपण 'जा' म्हणायचं नाही — म्हटलं का झालं, मग तो खेळ नाही राहत, काम होऊन जाते. वीस वर्षं झाले मले या आंगणवाडीत, कोण्या पोट्ट्याचा हात धरून मी खेळाले नेलं नाही. काय? लिहाले कधी शिकवीन? हाव, सगळ्या माया हेच विचारतात. तिकडं फी भरून जाणारं पोट्टं ए बी सी डी म्हणते, अन् आमची दीदी नुसती माती मळाले लावते! अव, माती मळली का बोटात जोर येते, अन् बोटात जोर आला का पेन्सिल कशी धराची हे सांगा नाही लागत. डब्यावर डबा चढवला, धाडकन पडला — मोठा खाली, लहान वर, हे त्याले मी नाही सांगत, त्याचं त्याले समजते. घर-घर खेळताना एकजण माय होते, एकजण बाप होते, एक पाहुणा चहा मागत येते, भांडतात, रुसतात, मनवतात — सारं बोलणं तिथंच येते पोट्ट्याले. बाकी मग शाळेतले गुरुजी पाहून घेतात.

पण तुले हे विचारायचं नाही. मले समजते ना. कागद भरले, आधार कार्ड दिलं, वजन झालं, तरी तू बसूनच आहे. तुले मानसीचं विचारायचं आहे. विचार ना मग. दोन वर्षं झाले तिले जाऊन, तू एक ना एक दिवस येशीन हे मले माहीत होतं. रस्त्यानं तू दिसली का मीच गल्ली बदलत होती, खरं सांगते. तुहं भेव वाटते मले. नाही, तू काही केलं नाही व — जाऊ दे. चांगली खेळे तुही पोरगी. बस, चांगली खेळे. बाहुलीले हात नाही लावे, गाडी नको, तिले ती नळी पाहिजे. पीव्हीसीची, हातभर लांब, आमच्या संत्र्याच्या ओलितातून उरलेली — मीच आणली होती घरून. ट्रेनिंगमध्ये सांगतात ना, महागडे खेळणे नको, घरातलंच सामान ठेवा. भिंतीले उभी बांधून दिली, खाली स्टीलची ताटली ठेवली. पोट्टे वरून खडा टाकत, खाली टण वाजे, टाळ्या पिटत. मानसीचं निराळं. ती खडा टाके, नळीले कान लावे, डोळे मिटे, अन् मोजे — एक, दोन, तीन... खडा तर केव्हाचा ताटलीत पडला, टण वाजून गेलं, अन् ही मोजूनच राहिली. नऊपर्यंत. नऊ झाले का म्हणे, 'टुब!' अन् मग डोळे उघडे.

चार वर्षांची पोट्टी, नऊपर्यंत न चुकता! मी तर अशी खूश झाली का विचारू नको. मोबाइलमध्ये व्हिडिओ काढला, सुपरवायझर मॅडमले पाठवला, मॅडमनं तो पांढुर्ण्याच्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर चालवला — खेळातून गिनती कशी येते, सुशीला दीदीकडून शिका म्हणे. माह्या नावानं टाळ्या वाजल्या. नवी साडी नेसून गेली होती मी, आता ती साडी पेटीतून काढवत नाही. थांब, पाणी देते तुले. नको? बरं. — मले एकदाही वाटलं नाही अश्विनी, का खडा तर लगेच पडते, मग ही नऊ कुठून आणते? ताटलीत टण वाजते, ही टुब काहून म्हणते? पोट्टं घरी-दारी जे पाहते तेच खेळात आणते, हे मीच सगळ्यांले सांगत फिरत होती. एवढंच विचारायचं होतं, मानसी, हे तू कुठी खेळतं? तिनं लगेच सांगितलं असतं. आमच्या वावरात, दीदी. त्या फेल गेलेल्या बोरमध्ये, तळाशी जराकसं पाणी लागलं, मोटर काही चालली नाही, म्हणून तिच्या बापानं, गुणवंतानं, आतला केसिंगचा पाइप काढून नेला अन् भोक तसंच राहिलं, त्यात. तीनशे फूट खोल. मी त्या दिवशी विचारलं असतं तर त्याच संध्याकाळी गुणवंताच्या डोक्यावर बसून तो बोर बुजवून घेतला असता. अन् तुही पोरगी त्यात गेली नसती. मी विचारलं नाही. मी व्हिडिओ काढत बसली.

मग बयान झालं. सौंसरहून पोलीस ठाण्याचे साहेब आले, तू बसली ना, त्याच खुर्चीवर बसले. म्हणे, पोरगी त्या बोरबद्दल कधी काही बोलली होती का? अन् मी म्हटलं, नाही. बोलली तर नव्हतीच ना! तोंडानं कुठी बोलली ती? खेळली फक्त. खेळणं म्हणजे का बोलणं आहे — अव, वीस वर्षं मी हेच तर सांगून राहिली, का लहान लेकरू खेळातूनच बोलते, अन् त्या दिवशी माह्या तोंडातून 'नाही' निघालं. साहेबानं लिहून घेतलं, मी सही केली. सारं गुणवंतावर गेलं. बाप असून बोर उघडा ठेवला म्हणे. केस चालूनच राहिली ना अजून? तो बिचारा रडून रडून सांगत होता, मी फरशी झाकली होती, वर दोन दगड ठेवले होते, अन् गावात कोणी मानलं नाही. मीही नाही मानलं. मले बरंच वाटलं होतं, पाप लागो मले, का चला, त्याच्यावर गेलं.

तेव्हापासून मले पोट्ट्यांचा खेळ पाहवत नाही. कोणी बाहुली झोपवली का मी धावतच जाते — काहून झोपवली? आजारी आहे का? घरी कोण आजारी आहे, सांग? कोणी डब्यात डोकं घातलं का मी डबाच ओढून घेते. विचारून विचारून असं करून ठेवलं मी, का आता मी जवळ गेली का पोट्टे खेळणंच थांबवतात. हातातलं खाली ठेवतात अन् माह्या तोंडाकडं पाहतात. ती नळी मी त्याच दिवशी माळ्यावर फेकली, तरी दुपारी पोट्टे झोपले का मोजण्याचा आवाज येते. मी कानात बोटं घालते, तरी येते. सहायिकेले विचारलं, तिले नाही ऐकू येत.

काय म्हटलं? जोरात बोल. — तू? तू शिकवला होता तिले तो खेळ? कापूस वेचताना... हाव, कंटाळत असन पोट्टी, पायात-पायात येत असन, एका जागी बसवाले काहीतरी पाहिजेच ना. — पण फरशी? दोन दगड, ती फरशी, हे तिच्या बापानं ठेवलेलं — चार वर्षांच्या लेकराच्यानं ते हालत नाही व, मग कोण — अश्विनी. — रोज परत झाकत होती? रोज. अन् त्या दिवशी — नको. नको सांगू, बस कर, मी काही ऐकलं नाही. दोन वर्षं त्या माणसाच्या ताटात वाढून राहिली तू, तो कोर्टाच्या तारखेले जाऊन राहिला, अन् तू — पण मी काय तोंडानं बोलू तुले. सही तर मीच केली आहे.

गुणवंता बाहेर निंबाखाली उभा आहे ना? मघाशी आत ये म्हटलं तर नुसती मान हलवली त्यानं. फाटकाच्या आत पाय नाही टाकत, त्याले वाटते पोरगी आपणच मारली. जा, सांग त्याले. आजच, आत्ता. 'फरशी तू झाकली होती, तुहा दोष नव्हता', एवढंच सांग, मरून जाईन नाहीतर तो माणूस. चल, मीही येते तुह्यासंगं, मीही सांगते का मले — थांब. नाही. पोट्ट्यांचं जेवण वाढायचं आहे, सहायिका आज सुट्टीवर आहे. अन् व्हिडिओचं आता कायले काढायचं? त्यात बोर थोडीच दिसते. तू माय आहे, तू सांग. माहं नाव नको घेऊ. अशी काय पाहून राहिली माह्याकडं? जा ना! केतन राहू दे, त्याले मी पाहते, तो पाह्य कसा डबे रचून राहिला — अव, त्याले कायले ओढून राहिली? चांगला खेळून राहिला होता व तो... बरं. ने. ने त्याले. जाताना दार लावून घेजो.