उत्तराचा उलटा भोंडला

हॅलो?... हॅलो! हो, डॉक्टरांचंच घर. दवाखाना बंद झाला आता, उद्या सकाळी... कोण? शुभा! अगं तू होय! मोठ्याने बोल, गिरगावातून अंधेरीपर्यंत यायचंय तुझ्या आवाजाला... हो, हो, बरी आहे तुझी उत्तरा. इथेच आहे, माझ्या पायाशी. शेंगदाणे रांगेत लावतेय... जेवली गं. भात वेगळा, वरण वेगळं. सकाळी मी वेंधळ्यासारखं कालवून ठेवलं, तर ताट अस्सं सरकवलं, की थेट डॉक्टरांच्या मांडीवर!... छे, रागावतात कसले! धोतर बदललं आणि हसत बसले.

काय?... कपडे? कसले कपडे बांधून ठेवू?... उद्याच येणार त्या आश्रमातल्या बाई? उत्तराला न्यायला?... अगं पण तू भावाकडे दोन दिवस राहायला म्हणून गेलीस ना... हो, श्यामसुंदरदादांना तुझी काळजी आहे, कळतं मला. पण आठ वर्षांची पोर... शुभा, रडू नकोस. आधी रडू नकोस बघू. मी कपडेबिपडे काही बांधणार नाही... नाही म्हणजे नाही! ऐक ना, आज अंगणात भोंडला झाला...

हो, उत्तरा होती की... अगं, घाबरतेस काय! गेल्या वर्षीसारखं काही नाही झालं. किंचाळली नाही, खिरापत उधळली नाही... मी तिला आत घेऊनच बसणार होते गं. खिडक्यासुद्धा लावून घेतल्या होत्या. पण बाईसाहेब निघाल्या अंगणात, रोजच्या फेऱ्या मारायला. तिला कोण अडवणार? आणि शेजारच्या कुंदाने नेमका तिथेच पाट मांडलेला, वर तांदळाचा हत्ती... हो, तिच्या फेऱ्यांच्या बरोब्बर मधोमध! मुद्दाम नाही, सावली तिथे असते म्हणून.

म्हटलं, लागली हत्तीची वाट... कुठचं काय! तिने पाटाकडे बघितलं नाही, मुलींकडे बघितलं नाही. आपली गोल गोल फिरायला लागली. तेवढ्यात कुंदाची धाकटी म्हणते, "आई, हिने तर आपल्या आधीच सुरू केला भोंडला!"... हो ना! अगं, वर्षभर सगळ्या म्हणतात, पोर वेड्यासारखी गोल फिरते. आणि आश्विन लागला की आपणच हत्तीभोवती गोल फिरतो! मला हसू आलं आणि लाजही वाटली, खरं सांगते.

मग मुली लागल्या तिच्या मागे, बदकांसारख्या. तिचा हात नाही धरला कुणी, मी लगेच दटावलं... गाणी? म्हटली की. पण हळू, पाळण्यातल्या बाळाला निजवताना म्हणतात ना, तशी. टाळ्या अजिबात नाहीत.

जानकीकाकू?... त्या गप्प बसतात होय! "अगं बाई, उलटी प्रदक्षिणा! असं कुठे फिरतात? हत्ती कोपेल!"... हो, आपली उत्तरा फिरते उलटीच ना. सगळ्या थबकल्या, ही एकटी फिरतेच आहे. काकूंनी तिच्याकडे बघितलं... आणि म्हणाल्या, "पोर वळत नाही ना? मग हत्तीचं तोंड फिरवा!"... तुझी शप्पथ! पदर खोचून स्वतः पाट फिरवला!... त्याने काय होतंय? काही होत नाही! पण काकूंचं समाधान झालं, आणि गुडघा धरून त्याच फेरात शिरल्या... हसलीस ना? हसलीस! ऐकलं मी.

अगं, पुढे ऐक. मागच्या चाळीतली सुगंधा गं, जयवंतची बायको. फाटकापाशी उभी, डोळ्यांना पदर. म्हटलं काय झालं, तर म्हणते, "माझो झील पण असोच आसा गो. घरातच ठेवतंव." इतकी वर्षं एका विहिरीवर पाणी भरतो आपण, आणि कुणाला पत्ता नाही!... उद्या आणणार आहे मुलाला. कुंदा शाळेतून शिकवून आली की दोघांना पडवीत घेऊन बसणार. दुपारी माझ्याकडे. जेवायला घालणार जानकीकाकू... हो, कालवायचं नाही, सांगितलंय!... डॉक्टर ना? त्यांनी विलायती मासिकात वाचलंय म्हणे अशा मुलांबद्दल. लांबलचक नाव आहे काहीतरी, माझ्या नाही लक्षात राहिलं. म्हटलं, आणखी नाव कशाला हवं? उत्तरा आहे की चांगलं!

उपकार?... थोबाडीत देईन हं शुभा. माझ्या बाळंतपणात महिनाभर कोण राबलं होतं? उपकार म्हणे!... हं... हं... दमलीस गं, माहीत आहे मला. एकटीने किती करशील? म्हणून तर सांगतेय.

आता बोल, कपडे बांधू?... काय? नाही आलं ऐकू... मोठ्याने सांग, म्हणजे शेजारी बसलेल्या दादांनाही कळेल... हं! अस्सं! शाबास! उद्याच निघून ये.

देते की. ती बोलणार नाही, पण ऐकेल. मी धरते तिच्या कानाशी, बोल तू... ... झालं? काय सांगितलंस गं? दाण्यांकडे बघून गालातल्या गालात हसतेय!

अगं, उठली. निघाली वाटतं... बाळ, वायरमधून नको... शुभा, ही माझ्याभोवती फिरायला लागली! हो, उलटीच! वायर गुंडाळली गं मला... अहो, तो टेलिफोन धरा, पडेल! नको, नको, तिला अडवू नका!... मी? मी कुठे हलतेय, एवढा देह घेऊन? सांग तुझ्या दादांना, अंधेरीत मीच हत्ती झालेय... अहो, बघत काय राहिलात? काकूंनी काय सांगितलं? हत्तीचं तोंड फिर...