किशनमामा पडले तवा आमी मोजत होतो

जमलेल्या समद्या ताडकळसकरांनो, परभणीहून आलेल्या पाव्हण्यांनो, माझ्या आयाबहिणींनो.

मला भाषण येत न्हाई. टपरीवर मी लय बोलतो, पण माइकसमोर पयल्यांदाच उभा हाय. म्हणून काल हे वहीच्या कागदावर लिहून काढलंय. कागद हातात नसला तर मधीच पळून जाईन. पळून जायची सवय हाय मला. सातवीतून पळालो. तीन वर्षांत चार कारखाने सोडले. आता गुजरातमधी मोरबीला फरशीच्या कारखान्यात भट्टीपाशी काम करतो. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगतो, मी बाळू. किशनमामांच्या थोरल्या बहिणीचा पोरगा.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी मामांना थोर कलावंत म्हणलं. तालुक्याचं नाव मोठं केलं म्हणले. बरोबर हाय. पण मी मामीजवळ बसलो होतो. ती माझ्या कानात हळूच म्हणली, "एवढे थोर होते, तर मग एकानं तरी हात का दिला न्हाई?"

मी आज त्याच्यावरच बोलणार हाय. कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

ज्या पोरांनी मामांना फक्त फोनमधी बघितलंय, त्यांना सांगतो. मामा आधी भोंगेवाले होते. रिक्षावर भोंगा बांधून बाजाराच्या दिवशी गावभर फिरायचे. लस आली, बैल हरवला, आज टँकर येणार न्हाई, अमुक गल्लीतले अमुक वारले, समदं गावाला मामांच्या आवाजात कळायचं. जत्रेत तंबूतला पिक्चर आला की त्याची जाहिरात पण मामाच करायचे. लोकं म्हणायचे, किशन, तुझ्या भोंग्यात पिक्चर लय भारी असतोय, तंबूत गेल्यावर तेवढा न्हाई वाटत.

तोच आवाज संजूभाऊंनी हेरला. संजूभाऊ इथं पयल्या रांगेत बसलेत. परभणीच्या केबलवर त्यांचा कार्यक्रम असतोय, 'पिक्चरची पंचाईत'. दर रविवारी. निम्मा कार्यक्रम नव्या पिक्चरवर आणि निम्मा फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंवर. दोन्हीवर मजाक. मामांनी शुक्रवारी पयला शो बघायचा आणि थेटरच्या पायऱ्यांवर उभं राहून पिक्चर कसा हाय ते सांगायचं.

पयल्या पयल्यांदा मामा लय इमानदारीनं सांगायचे. गोष्ट सांगायचे, खुर्ची कशी होती सांगायचे, पंखा चालू होता का ते पण सांगायचे. बघणारं कुणी नव्हतं. मी तवा चुलतबहिणीच्या लग्नाला सुट्टीवर आलतो. मी म्हणलो, "मामा, एवढं ऐकायला कुणाला टाईम हाय? पिक्चर भंगार निघाला की छातीला हात लावा, मारलं रे मारलं म्हणा, आणि सरळ आडवे पडा."

मामा हसले. म्हणले, "आरं, पडल्यावर मला उचलायचं कुणी? तुझ्या मामीनं?"

मामी चुलीपासून म्हणली, "मी न्हाई बाबा. सोयाबीनचं पोतं परवडलं."

लय हसलो आमी त्या दिवशी. मी खाली पडून दाखवलं. मामांनी माझं बघून बघून केलं. हात कसा लावायचा, डोळे कसे फिरवायचे, पाय कसा झाडायचा. मीच शिकवलं.

ऐका. मीच शिकवलं.

मोजायचं संजूभाऊंनी काढलं. जेवढा पिक्चर भंगार, तेवढा वेळ मामांनी हलायचं न्हाई. भोवतालच्या लोकांनी एक, दोन, तीन करत मोजायचं. दहापर्यंत पडले तर पिक्चर बघण्यासारखा. वीस झाले तर घरीच बसा. एकतीसच्या पुढं मामा कधी गेले न्हाईत. एकतीसला ते एक डोळा उघडायचे आणि म्हणायचे, "तिकिटाचं कुणी देणार असलं तर उठतो." आणि समदे टाळ्या वाजवायचे.

मग बघा काय झालं. परभणीत, पूर्णेत, झरीत, जिथं जातील तिथं, "मामा, पडा की!" दवाखान्यात बीपीच्या गोळ्या आणायला गेले तर कंपाउंडर म्हणला, मामा, एकदा पडून दाखवा. लग्नात अक्षता पडायच्या आधी मामा पडायचे. मला फोनवर म्हणले होते, "बाळू, आता मला कुणी 'बसा' म्हणत न्हाई रं. 'पडा' म्हणतेत."

मी हसलो. मला वाटलं हा पण जोकच हाय.

दुसरी एक गोष्ट होती, ती तुमाला माहीत नसंल. कार्यक्रमात ते फिरणारे व्हिडिओ लागायचे. नवरदेव घोड्यावरून पडला. बाई चिखलात घसरली. म्हातारा झोक्यावरून उडाला. त्याच्यावर मामांनी काहीतरी हसायसारखं बोलायचं. बोलायचे पण. आणि नंतर मला फोन करायचे. "बाळू, त्या नवरदेवाला लागलं का रं? तुझ्या फोनमधी पुढचा व्हिडिओ असंल तर बघ की."

मी म्हणायचो, "मामा, व्हिडिओ तिथंच संपतोय. पुढचं कुणी टाकत नसतंय."

"मग त्याचं पुढं काय झालं?"

"मला काय माहीत?"

"कुणालाच माहीत न्हाई व्हय?" म्हणायचे. मला कटाळा यायचा. मी फोन ठेवून द्यायचो.

आता त्या शुक्रवारचं. मामांचा शेवटचा व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितलाय. मी पण बघितला, आणि पायऱ्यांवरून फोनवर लाइव्ह चालू असतानाच बघितला. दुपारची जेवायची सुट्टी होती. आमी दहाबारा जण शेडच्या सावलीत बसलो होतो. कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं, कुणी तिथलंच. मी फोन मधी धरला आणि म्हणलो, ये मेरा मामा है, देखो. छाती फुगली होती माझी.

मामा पायऱ्यांवर आले. घाम लय होता. दोन शब्द बोलले आणि छातीला हात लावला. "मारलं" म्हणलेच न्हाईत. तसेच पडले.

लोकांनी मोजायला सुरुवात केली. आमी पण. ज्याच्या त्याच्या भाषेत. सगळ्यात मोठ्यानं मी मोजत होतो. एकतीस झाले. मामांनी डोळा उघडला न्हाई. पायऱ्यांवर एकच कल्ला झाला. मी फोनवर लिहिलं, रेकॉर्ड तुटलं. पन्नासला शिट्ट्या. साठला टाळ्या. आणि तिथं व्हिडिओ संपतोय. मी तो स्टेटसला ठेवला, खाली हसणारी सहा तोंडं लावली आणि कारखान्याचा भोंगा झाला म्हणून भट्टीवर गेलो.

पुढचं कुणी टाकलं न्हाई. म्हणून मी सांगतो.

थेटरात झाडू मारणारी एक बाई हाय. ती सगळ्यात आधी पुढं आली. म्हणली, "आवो, ह्यांचे ओठ बघा, निळे पडलेत." तर तिला लोकं काय म्हणले माहीत हाय? "मावशी, बाजूला सरका, व्हिडिओत यायलात." ती सरकली न्हाई. तिनं मामांचं डोकं मांडीवर घेतलं. तर त्याच्यावर पण हसले. म्हणले, आज मामांनी हिरॉइन पण आणली. मग तिनं हातातला झाडू गर्दीवर फेकला. तवा कुठं संजूभाऊ पुढं पळाले. त्यांनीच मामांना गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. हे मी मान्य करतो, संजूभाऊ. गाडीत मामा एकदाच बोलले, "ह्ये खरं हाय" म्हणले. संजूभाऊंनीच हे मला रडत सांगितलं. दवाखान्यात पोचले तवा मामा गेलते.

मला खबर मिळाली तवा माझ्या स्टेटसवर लोकं अजून हसायलते. माझ्या आईनं बघितला तो. तिच्या भावाचं मरण तिला माझ्या सहा तोंडांसकट बघायला लागलं. याच्यावर मी जास्त बोलू शकत न्हाई.

मंडळी, मला वाटलं होतं आता थांबंल. मामा गेले, लोकांना लाज वाटंल. न्हाई थांबलं. आता त्याच व्हिडिओला वेगवेगळी गाणी लावून पाठवायलेत. चुडाव्याच्या टेशनावर पोरं गाडी यायच्या टायमाला फलाटाच्या कडंला पडून दाखवायलेत. साठच्या पुढं कोण जातंय म्हणून पैज लावायलेत. आणि परवा झरीच्या बाजारात एक म्हातारी चक्कर येऊन पडली. खरीच पडली. भाजीच्या पाट्या होत्या तिच्या पुढं. तर भोवतालच्या लोकांनी काय केलं असंल?

मोजलं.

माझ्या मावशीनं डोळ्यानं बघितलंय. वाईट लोकं नव्हते म्हणली. आपलेच होते. हातात पिशव्या होत्या, लेकरं होते. बाविसाव्याला कुणालातरी सुचलं आणि पाणी मारलं. म्हातारी वाचली. पुढची वाचंल का? सांगता येतंय का कुणाला? उद्या माझी आई पडली, तुमचे वडील पडले, तर भोवताली जी माणसं उभी असतील, ती पयलं काय करतील?

मला भीती वाटायली. खरंच वाटायली.

आता शेवटचं. संजूभाऊ, रागावू नका, पण हे समद्यांसमोरच बोलतो. परवा संजूभाऊ घरी आले, मामीच्या पायाला हात लावला आणि मला एक कागद दिला. येत्या रविवारी मामांना श्रद्धांजलीचा कार्यक्रम हाय. त्याच्यात तो शेवटचा व्हिडिओ पूर्ण लागणार. घरच्यांची हरकत न्हाई म्हणून कागदावर मामीचा अंगठा आणि माझी सही पाहिजे. त्यांच्याकडं भारी कॅमेऱ्यातला हाय, जवळून घेतलेला. फोनमधी दिसत न्हाई ते समदं त्याच्यात दिसतंय म्हणले. आणि त्याच्या पुढच्या रविवारपासून मामांच्या जागी मी. चेहरा मिळता हाय म्हणले. लोकांची मागणी हाय म्हणले.

मी लगेच न्हाई म्हणलो, असं समजू नका. मला ती जागा पाहिजे होती. भट्टीपाशी उभं राहून माझ्या हाताची कातडी गेली. गावात राहायला मिळतंय, लोकं ओळखणार, हसणार. कुणाला नको असंल? दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. काल दुपारी घरात कुणी न्हाई असं बघून मी पडून बघितलं. जमतंय का म्हणून. छातीला हात लावला, डोळे फिरवले, पाय झाडला.

मामी मागच्या दारानं आली.

ती ओरडली न्हाई. तिनं काही इचारलं न्हाई. धावत आली. गुडघे दुखतेत तिचे, जिना चढता येत न्हाई तिला, पण धावली. माझं डोकं मांडीवर घेतलं, शर्टाच्या गुंड्या तोडल्या, पदरानं वारा घालायली. मी उठून बसलो. म्हणलो, "मामी, खोटं होतं."

ती वारा घालायची थांबली न्हाई. म्हणली, "मला कसं कळावं?"

आणि मग म्हणली, "मला कळलं नसतं तरी मी आलेच असते की रं."

संजूभाऊ, हा तुमचा कागद. सही न्हाई, अंगठा न्हाई. कागद नसला तरी तुमी व्हिडिओ लावू शकता, हे मला कळतंय. तुमाला अडवायला माझ्याकडं काही न्हाई. म्हणून गावासमोर हात जोडतो. रविवारी लावू नका. तुमी मान खाली घातलीय, ती होय म्हणून का न्हाई म्हणून, मला इथून कळंना गेलंय. आणि बाकीच्यांनो, ज्यांच्या ज्यांच्या फोनमधी तो हाय, त्यांनी तो आत्ता, बसल्या जागेवर काढून टाका. माझ्या फोनमधला मी काढलाय. लाज वाटती सांगायला, पण तीन दिवस लागले मला.

मामा, तुमाला माझा शेवटचा रामराम. चुकलो मी.

आता उभे राहू आपण. शांतता पाळू. मामी खाली बसली की समद्यांनी बसा. ऊन वर आलंय, मांडव निम्म्यांनाच पुरलाय आणि मागं लय म्हातारी माणसं उन्हात उभी हायेत. उभं राहिल्यावर त्यांच्यातलं कुणी पडलं, तर खरं का खोटं बघत बसू नका. धावा.