आईसाठी सिंह

इथे परदेशात, पुकेकोहे गावी थडग्यांचे दगड घडवणाऱ्या दुकानात मी आईच्या नावाची पाटी न्यायला रांगेत उभा होतो. काउंटरवर आमचा नाशिकचा यतीन होता आणि त्याच्यासमोर एक बाई. दोघांचं इंग्रजीतलं बोलणं कानावर पडत होतं.

“दगडाचा सिंह? इराणी लोक असं कधी मागत नाहीत.”

“मी लुर आहे. देश इराणच, पण डोंगर झाग्रोसचे, भाषा लुरी आणि रीतही आमची. आमच्यात शूर माणसाच्या थडग्यावर सिंह ठेवतात.”

“वडिलांसाठी का?”

“आईसाठी.”

“बायकांसाठीही ठेवतात?”

“नाही ठेवत. काल मामाचा फोन आला होता, सिंह पुरुषांचाच म्हणून. मी म्हटलं, मामा, मेंढरांमागे डोंगर चढताना ती वाटेत बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी मला पाठीला बांधून चालायला लागली. तेव्हा तुम्ही घोड्यावर होतात.”

“मग काय म्हणाले?”

“फोन ठेवला.”

“बरं. मग सिंहीण करू. आयाळ नको, कामही हलकं होईल.”

“आयाळ हवी.”

“पण मॅडम, बाईमाणसाला आयाळ...”

“आमच्यात घरातलं कुणी गेलं की बायका वेणी कापतात. आईनं तीनदा कापली. एका भावासाठी, नवऱ्यासाठी, मग पोटच्या मुलासाठी. त्यानंतर वेणी वाढलीच नाही.”

यतीननं पेन्सिल उचलली.

“खांद्यापर्यंत काढू?”

“कमरेपर्यंत काढा.”