पायांवरचं पाणी

मी, चंद्रकला गोकुळ भोये, वय ५७ वर्षे, धंदा शेती, पूर्वी अंगणवाडी मदतनीस, राहणार आंबेपाडा, वावर गावाजवळ, तालुका जव्हार, जिल्हा पालघर. आज सकाळी मोखाडा पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर झाले आहे. काल दुपारी मी इथेच माझी शेजारीण बाळी हरवल्याची खबर दिली होती. ती काल संध्याकाळीच मिळाली. कुठे आणि कशी मिळाली ते सांगते. जमादारांनी घडलं तेवढंच सांगा असं बजावलं आहे. मी घडलं तेवढंच सांगणार, पण ते दोन ओळींत मावणारं नाही.

बाळी जिव्या बरफ, वय ६३, हिचं आणि माझं अंगण एकच. नवरा जिव्या वारून पुष्कळ वर्षं झाली. मुलगा नितीन तीन पावसाळ्यांमागे काविळीने गेला. त्याची बायको योगिता तेव्हा कोवळी पोर होती, मूलबाळ नव्हतं. वर्ष सरल्यावर बाळीने स्वतः खोडाळ्याचा संदीप नावाचा मुलगा बघितला आणि योगिताचा त्याच्याशी पाट लावून दिला. पाड्यावर लोक बोलले, की सून कोणी आपल्या हाताने घालवतं का? बाळी म्हणाली, पोर आहे ती, माझ्या म्हातारपणाच्या दावणीला बांधायला गाय नाही. त्यानंतर ती एकदाही खोडाळ्याला गेली नाही. मी जा जा म्हणायचे. ती म्हणायची, आता ती दुसऱ्यांची सून, आपण कशाला लुडबुड करायची. हे चौकशीत यायला पाहिजे, म्हणून सांगितलं.

आम्ही बचत गटाच्या बाया मिनीबस करून नेपाळला गेलो होतो. गाडी जव्हारच्या विनोदची, चालवणाराही तोच. पशुपतीचं दर्शन केलं, मुक्तिनाथला गेलो. तिथे धारांचं पाणी असं गार की आम्ही पदर आवळून काठावर उभ्या, आणि बाळी सरळ धारेखाली. बाहेर आली तर दात वाजतात आणि हसतेय. पोखऱ्याला तिने हिरव्या मण्यांची माळ घेतली. तिकडे लग्न झालेल्या बाया घालतात तसली. मी म्हटलं, या वयात नटतेस काय गं? तिने माळ कमरेला खोचली आणि विषय बदलला.

परत येताना सोनौलीला नेपाळच्या सरहद्दीचं फाटक चालत ओलांडलं. बाळीने विचारलं, परमुलखाची शीव ती हीच का? मी हो म्हटलं. तर म्हणते, मग आपल्याकडचं कोणी पाणी घेऊन का नाही आलं? सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. ते हसणं आता मला बोचतं.

कारण असं आहे. आमच्या पाड्यावर कोणी लांबची यात्रा करून आलं की थेट घरात येत नाही. शिवेवर थांबतं. घरची माणसं हंडा घेऊन येतात, पाय धुतात, मग वाजतगाजत घरी नेतात. आपल्या मुलखात शिरल्यापासून पाय धुऊन होईपर्यंत कोणाचाही उंबरा ओलांडायचा नाही. बाळीच्या घरी पाणी आणणारं कोणी उरलेलं नाही. मी तिला गाडीत सांगितलं होतं, आमचा गोकुळ, म्हणजे माझा नवरा, तुझे पण पाय धुईल, त्यात काय एवढं? ती म्हणाली, "चंद्रे, उसनं पीठ चालतं, उसनं पाणी नाही चालत." मला राग आला. त्र्यंबकपासून मोखाड्यापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

काल सकाळी अकराच्या सुमाराला मोखाड्याला चहासाठी गाडी थांबली. पुन्हा निघालो तेव्हा मागच्या बाकावर बाळीची घोंगडी दिसली. मला वाटलं रुसून झोपली आहे. आंबेपाड्याच्या शिवेवर सगळ्यांची माणसं उभी होती. एकेका बाईचे पाय धुतले जात होते. मी घोंगडी ओढली तर खाली नुसतं बोचकं.

गोकुळ हंडा घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, ठेव तो खाली, बाळी नाही. तशीच गाडीत चढले आणि विनोदला मोखाड्याला फिरवायला लावलं. बाळीकडे फोन नाही, म्हणून वाटेत योगिताला फोन केला. ती म्हणाली, मावशी, घरी नाही आली, आणि रडायला लागली. तिने खोडाळ्यात घरोघर विचारलं. आम्ही इकडे मोखाड्यात एसटी स्टँड, बाजार बघितला, दवाखान्यात विनोद जाऊन आला. कोणी पाहिली नव्हती.

मग खबर द्यायला ठाण्यात आले. इथल्या हवालदार प्रतिभाताईंना विचारा, मी आत आले नव्हते. पायरीखाली उभी राहून बोलत होते. त्या म्हणाल्या, मावशी, हे काही कोणाचं घर नाही, या आत, बसा. मी म्हटलं, उंबरा तो उंबरा, माझे पाय धुवायचे आहेत. आणि हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जर बाहेर उभी, तर बाळी कोणाच्या घरात कशी असेल? योगिता तिला खोडाळ्यात घरांत शोधत होती, शिवेवर कोणी बघितलंच नव्हतं. मला ती हिरवी माळ आठवली, ती योगितासाठीच घेतली असणार. मी प्रतिभाताईंना म्हटलं, चला, खोडाळ्याची शीव बघू.

योगिताला पुन्हा फोन लावला, पण रेंज नव्हती. प्रतिभाताई आमच्याच गाडीतून आल्या. खोडाळ्याच्या अलीकडे नागलीच्या मोकळ्या वावराच्या कडेला शिवेवरचा वाघदेव आहे, दगडाचा, शेंदूर लावलेला. तिथे बाळी पाय पोटाशी घेऊन बसली होती. पाय धुळीने पांढरे झालेले. मी तिला काय काय बोलले ते लिहू नका.

तिचं म्हणणं असं, की ती मोखाड्याहून जीपने दुपारीच तिथे आली. तिथून योगिताचं दार दिसतं. योगिता दारातून आत-बाहेर करताना तिने बघितली. हाक मारली नाही. मी विचारलं, का नाही मारलीस? तोंड होतं ना? ती म्हणाली, "मीच तिला पाठवून दिली. आता कोण म्हणून हाक मारू?"

मीच जाऊन योगिताच्या कुंपणाबाहेरून हाक मारली. ती डोक्यावर हंडा घेऊन पळतच आली, अर्धं पाणी वाटेत सांडलं. मागे संदीप आणि त्याची आईसुद्धा. योगिता खाली बसली आणि बाळीचे पाय मांडीवर घेऊन धुवायला लागली. धुताना रागावत होती. म्हणाली, "दुपारपासून इथं बसलीस. मी मेले होते का, आई?" बाळीने माळ काढून तिच्या गळ्यात घातली. फासा लागेना, तो संदीपच्या आईने लावून दिला. मग योगिताने माझेही पाय धुतले. आम्ही त्यांच्या घरी नागलीची भाकर आणि उडदाचं वरण खाल्लं.

बाळी रात्री तिथेच राहिली. मी आंबेपाड्याला आले तर गोकुळ अजून शिवेवर हंड्याजवळ बसलेला. पाय धुऊन झालेत म्हटलं तरी त्याने परत धुतले, पाणी वाया का घालवायचं म्हणून.

बाळीला कोणी पळवलं नाही, फसवलं नाही. विनोद ड्रायव्हरची चूक नाही. असलीच तर माझी, मी रुसून गप्प बसले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वर लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. बाळी आणि योगिता आज सोबत आल्या आहेत, त्यांनीही बाजूला बसून ऐकलं. बाळीने एकच दुरुस्ती सांगितली. ती म्हणाली, "वरती हरवली लिहिलंय ते खोडा. मी लेकीकडे गेले होते." जमादार म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही, खाली वेगळं लिहितो. म्हणून ते इथे लिहून घेतलं आहे, आणि त्याखाली माझी सही व बाळीचा अंगठा आहे.