ढब्बूचा डेक मीच नेला

मी खाली सही करणारी, वय एकसष्ट वर्षे, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार जुन्या रोपवाटिकेच्या आवारातील दोन घरांपैकी पाण्याच्या टाकीकडचे घर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मला कोणी धरून आणलेले नाही. काल संध्याकाळी निरोप मिळाला आणि आज बुधवारी सकाळी दहा वाजता मी दुकान बंद ठेवून आपण होऊन आले आहे.

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. आवारातील दुसऱ्या घरात माझा थोरला भाऊ, म्हणजे या प्रकरणातील फिर्यादी, वय अडुसष्ट, निवृत्त भूमापक, आणि माझ्या वहिनी राहतात. फिर्यादीस मी दादा म्हणते. गेल्या चौदा वर्षांत तोंडावर म्हटलेले नाही, पण जबाबात दुसरे काय म्हणणार. दोन्ही घरांच्या मध्ये हिरवळ आहे. तिच्या मधोमध सात दगड एका रेषेत पुरलेले आहेत. ते दादाने पुरले. रेष सुतासारखी सरळ आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बसून चालवायची, गवत कापायची जुनी मशीन भंगारातून आणून दुरुस्त करणे आणि चालवणे, हा आम्हा दोघांचा नाद आहे. हवालदारांनी येथे ‘छंद’ असे लिहिले होते. छंद तिकिटे जमवणाऱ्याला असतो. मी ते बदलायला लावले. माझ्या शेडमध्ये अशी तीन मशीन आहेत, दादाच्या शेडमध्ये दोन. त्यातले सर्वांत नवे चाळीस वर्षांचे आहे.

त्यातले एक मशीन आमच्या वडिलांचे. वडील एका कॉलेजच्या मैदानाची निगा राखत. कॉलेजने मोडीत काढलेले मशीन त्यांनी घरी आणून उभे केले. पुढून बॉनेट फुगलेले, मागून बूड जड, म्हणून आम्ही त्याला ढब्बू म्हणायचो. वडील गेल्यावर वाटणी झाली. घरे दोन होती, ती निमूट वाटली गेली. हिरवळ दादाने टेप लावून वाटली. ढब्बू मात्र एकच होता. दादा म्हणाला, मी थोरला. मी म्हणाले, वडिलांच्या हाताशी पाने घेऊन उभी मी राहिले. शब्दाने शब्द वाढला आणि माझ्या तोंडून निघून गेले की, मग अर्धा करून घे. दादा पडला भूमापक. त्याने आतून पाना आणला आणि अर्धा केला.

इंजिन, सांगाडा आणि चाके माझ्याकडे आली. डेक, सीट आणि गवताची पेटी त्याच्याकडे गेली. डेक म्हणजे मशीनच्या पोटाखाली अडकवलेले लोखंडी खोके. पाती त्यात फिरतात, गवत तेच कापते. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही.

मी माझ्या सांगाड्याखाली दुसऱ्या कुठल्या तरी मशीनचा डेक पट्ट्या ठोकून बसवला. दादाने त्याच्या डेकवर दुसरेच धड चढवले. माझे मशीन चढावरही दम खात नाही, पण कापताना मधोमध मिशीसारखी रेघ सोडते. त्याचे गालिचा अंथरल्यासारखे कापते, पण दर दहा मिनिटांनी बंद पडते. हे चौदा वर्षे दर रविवारी आम्हा दोघांना दिसत होते. दोघांच्याही तोंडाला कुलूप. तो सातला सुरू करायचा, म्हणून मी पावणेसातला. मग तो साडेसहाला. असे करत आम्ही पाचावर आलो तेव्हा आवारामागच्या घरातल्या मास्तरीणबाईंनी दोघांनाही झापले आणि आठची वेळ ठरवून दिली. ती आजतागायत पाळली आहे.

चार महिन्यांपूर्वी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. तीन आठवडे तो दवाखान्यात होता. मी रोज जात होते, दाराबाहेरच्या बाकावर बसत होते. आत गेले नाही. याचे कारण विचारले, ते सांगायचे नाही.

त्याला घरी आणल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की व्यायाम केला तर हा माणूस चालेल. व्यायाम घ्यायला एक बाई एक दिवसाआड येतात. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याच्या भागातले गवत गुडघ्याला आले. गवत तीन बोटांवर गेले की ज्याला झोप येत नाही, तो माणूस खिडकीतून ते बघायचा आणि कूस बदलायचा.

मागच्या महिन्यात वहिनी माझ्या शेडमध्ये आल्या. उलट्या बादलीवर बसल्या. म्हणाल्या, “ताई, हे उठतच नाहीत हो. त्या बाईंना सांगतात, माझं झालं आता, तुम्ही दुसरीकडे जा. काल म्हणाले, वॉकर परत करून टाक, उगीच जागा अडवतो.”  माझ्या हातात प्लग होता, तो मी पुसत राहिले.

पुढच्या रविवारी आठ वाजता मी दगडांची रेष ओलांडून दादाचा भाग माझ्या मशीनने कापला. मुद्दाम वाईट कापला. मिशा सोडल्या, कोपरे ठेवले. माझा अंदाज होता की तो खवळेल. दुपारी वहिनींना मी विचारले, “काय म्हणाला?” त्या म्हणाल्या, “बरं केलं म्हणावं तिने.” दादाने माझ्या कुठल्याही कामाला बरे म्हणण्याची एकसष्ट वर्षांतली ही पहिली वेळ.  वहिनी जे सांगत होत्या ते मला त्या दिवशी कळले, की माणूस हातचा जातो आहे.

आता फिर्यादीत नमूद घटनेबाबत. गेल्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी दादाच्या शेडमध्ये शिरले. कुलूप तोडलेले नाही. किल्ली कुठून मिळाली हे मी सांगणार नाही आणि वहिनींना यात गोवू नये. हवालदारांनी ‘रागाच्या भरात’ असे लिहायला घेतले होते, तेही मी खोडायला लावले. मी न्याहारी करून, सतरा नंबरचा पाना आणि पकड बरोबर घेऊन, पूर्ण शुद्धीवर गेले होते.

आत त्याचे मशीन उभे होते. कार्बोरेटर उघडलेला होता. त्याचे बारीक भाग एका ताटलीत काढल्या क्रमाने मांडलेले होते, त्यावर चार महिन्यांची धूळ होती. डेकची पाती मात्र धार लावून, तेल पुसून, कापडात गुंडाळून जागेवर ठेवलेली होती. तेथे मी किती वेळ होते असे विचारले. डेक सोडवायला वीस मिनिटे लागतात. मला एक तास लागला.

डेकचे वजन माझ्या अंदाजे चाळीस किलो. तो मी गोणपाटावर ठेवून ओढत नेला. मागच्या बाजूने जवळची वाट होती. मी दादाच्या खिडकीखालून गेले. खिडकीखाली दम खायला दोनदा थांबले. दम लागला नव्हता. फिर्यादीत ‘आरोपीने माझ्या नाकावर टिच्चून नेला’ असे लिहिले आहे ते शब्दशः खरे आहे.

माझ्या शेडमध्ये ढब्बूखालचा जुना डेक काढून मी हा लावला. त्याच सांगाड्याचा असल्यामुळे हातोडी लागली नाही, चारही खिळे बोटाने आत गेले. नंतर पाती बसवली, पट्टा चढवला. दुपारी चार वाजता, सीट आणि पेटी सोडली तर, ढब्बू चौदा वर्षांनी पुरा झाला. मी तो बाहेर काढला आणि माझ्या कुंपणापासून दादाच्या कुंपणापर्यंत, दगडांवरून डेक उचलून घेत, एकसलग कापत सुटले. बंद पडला नाही. मिशी सोडली नाही. वडिलांच्या वेळी कापायचा तसा कापला. मला रडू आले होते, ते लिहायचे असेल तर लिहा, गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही.

तिसऱ्या फेरीला दादा खिडकीची काच ठोकू लागला. ओरडत होता. इंजिनच्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण चेहऱ्यावरून सगळे मलाच उद्देशून होते. पहिले ठोके उजव्या हाताचे होते. नंतरचे कोणत्या हाताचे, ते मी मशीन थांबवून पाहिले. डाव्या हाताचेही होते. मी पुन्हा मशीन चालू करून पुढची फेरी मारली.

सोमवारी व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा दादाने त्यांना दारात गाठून विचारले म्हणे, पोलीस ठाण्याला पायऱ्या किती आहेत. हे मला वहिनींनी सांगितले. काल मंगळवारी सकाळी अकरा वाजता तो भाड्याची गाडी करून या ठाण्यात आला आणि माझ्याविरुद्ध चोरीची फिर्याद दिली.

याबाबत मी हवालदारांना काही प्रश्न विचारले. प्रश्न विचारायचे काम पोलिसांचे आहे असे त्यांनी सांगितले, तरी मी विचारले. हवालदारांनी दिलेली उत्तरे नोंदवून घ्यावीत अशी माझी मागणी आहे. फिर्यादी वॉकर घेऊन आला. ठाण्याच्या ५ पायऱ्या चढला. उचलून घेऊ का असे शिपायाने विचारले, तेव्हा शिपायालाच बोलला. खुर्ची दिली तर म्हणाला, चोरी झालेला माणूस बसत नाही. वॉकरवर हात टेकून उभ्याउभ्या फिर्याद सांगितली, मधे एकदाच बसला. मी पुन्हा विचारले, किती वेळ उभा होता. हवालदार चिडून म्हणाले, “आत्या, तिसऱ्यांदा सांगतो, पंचवीस मिनिटं!” तिसऱ्यांदाही ऐकायला बरे वाटले.

फिर्याद मला वाचून दाखवण्यात आली. त्यात माझ्याविषयी हट्टी, आगाऊ आणि लहानपणापासून अशीच, असे शब्द आहेत. ते मला मान्य आहेत. मालाची किंमत या रकान्यात ‘सांगता येत नाही’ असे आहे. ओळखीची खूण या रकान्यात पुढीलप्रमाणे आहे: ‘डेकच्या आतल्या बाजूस पत्र्याचा तुकडा जोडलेला असून वेल्डिंग वाकडे आहे. ते मी केले. त्या वेळी पत्रा धाकट्या बहिणीने धरला होता. तिच्या डाव्या अंगठ्याला भाजले, पण तिने पत्रा सोडला नाही.’

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्याला हे आठवत असेल असे मला वाटले नव्हते. येथे मी पाणी मागितले, ते देण्यात आले.

साहेब म्हणाले, “घरातलं भांडण आहे, आत्या. आमची दोन माणसं पाठवतो, डेक उचलून त्यांच्या शेडमध्ये ठेवतो, दोघांच्या सह्या घेतो, विषय संपला.” मी साफ नकार दिला. माणसे पाठवली तर मी दारात आडवी पडेन. माझ्या दुकानातून शिलाई मशीन चोरीला गेले होते, तेव्हा ते सापडल्यावर ओळख पटवायला मला याच ठाण्यात तीन वेळा यायला लावले होते. मालकाने स्वतः येऊन ओळख पटवल्याशिवाय मुद्देमाल देता येत नाही, हे मला तेव्हा याच टेबलावर ऐकवले होते. तोच नियम दादाला लावावा. तो माझा भाऊ आहे म्हणून सवलत देऊ नये.

डेक माझ्या शेडमध्ये ढब्बूला लावलेला आहे. दादाच्या दारापासून माझ्या शेडपर्यंत एकशे चार फूट होतात. हे माप त्याचेच आहे, त्याला मोजून घ्यायचे असल्यास हरकत नाही. वहिनींनी, व्यायामाच्या बाईंनी किंवा पोलिसांनी पटवलेली ओळख मी चालवून घेणार नाही. वाकडे वेल्डिंग डेकच्या आत आहे. खाली बसून वाकल्याशिवाय ते दिसत नाही, आणि बसल्यावर उठावे लागेल. बसून उठायचा व्यायाम बाईंनी पुढच्या महिन्यात धरला आहे असे कळते. माझी घाई नाही.

मी गुन्हा नाकारत नाही. मला पश्चात्ताप झालेला नाही. डेक परत मिळाल्यावर दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला, तर मी त्याच्या शेडमधून सीट नेणार आहे. त्यानंतर गवताची पेटी. त्यानंतर हिरवळीतले सात दगड, दर आठवड्याला एक याप्रमाणे. ही धमकी समजू नये, हा कार्यक्रम समजावा आणि त्याची एक प्रत फिर्यादीस द्यावी.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, फक्त एक दुरुस्ती आहे. फिर्यादीने चढलेल्या पायऱ्या नुसत्या आकड्यात लिहिल्या आहेत. आकड्यात कोणी खाडाखोड करू शकतो, म्हणून त्या अक्षरीही लिहाव्यात. अक्षरी पाच.